कानावरचा हात

मराठीत कानावर हात ठेवणं म्हणजे 'मला यातलं काही ठाऊक नाही' म्हणत अंग काढून घेणं. शाहीर कानावर हात ठेवतो तो मात्र नेमक्या उलट कारणासाठी. डफावर थाप पडते, तुणतुणं सुरू होतं, झीलकरी मागं सरसावून उभे राहतात आणि पोवाड्याची पहिली लांब हाक सुटायच्या आत शाहिराचा एक हात आपोआप कानाशी जातो. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या कोल्हापुरात हे दृश्य नवं नाही. लहानपणी मला ती ऐट वाटायची. पुढं कळलं की तो हात कामाचा आहे. चौकातल्या गलक्यात, डफाच्या दणक्यात शाहिराला स्वतःचा आवाज ऐकायचा असतो. पंजाचा आडोसा तोंडातून निघालेला सूर कानाकडे वळवतो आणि आपण कुठं आहोत, सुरात आहोत की घसरलो, हे त्याला उमगतं.

स्वतःचा आवाज ऐकणं ही इतकी खटाटोपाची गोष्ट का असावी? चोवीस तास तो आपल्याजवळच तर असतो. पण आपला आवाज आपल्यापर्यंत दोन वाटांनी येतो. एक वाट हवेची. तोंडातून बाहेर, तिथून कानात. समोरच्याला ऐकू येतो तो एवढाच. दुसरी वाट हाडांची. स्वरयंत्राची थरथर जबड्यातून, कवटीतून थेट आतल्या कानापर्यंत पोचते आणि या वाटेनं खालचे, जाड सूर जास्त सुखरूप येतात. म्हणून आपल्याला आपला आवाज असतो त्यापेक्षा भरदार वाटतो. दोन्ही कानांत बोटं घालून 'हं' म्हणून बघा. डोक्यात भुंगा शिरल्यासारखं वाटेल. ती हाडांची वाट. आता दोन जाड वह्या घ्या, गालफडांना टेकवून कानांच्या पुढं उभ्या धरा आणि चार वाक्यं बोला. तोंडाकडून कानाकडे येणारी सरळ वाट अडते, खोलीतून फिरून आलेला आवाज ऐकू येतो आणि क्षणभर कुणी तिसराच बोलतोय असं वाटतं. लोक रोज ऐकतात तो साधारण असा.

मोबाइलवर केलेलं स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून माणूस दचकतो त्याचं पहिलं कारण हे. हाडांची वाट वजा झालेली असते, त्यात मोबाइलचा चिमुकला स्पीकर खालचे सूर आणखी खातो. उरतो तो पातळ, किनरा आवाज. तेव्हा त्यातला काही दोष मोबाइलच्या खात्यावर टाकायला हरकत नाही. बरे इअरफोन लावून तेच रेकॉर्डिंग ऐका, फरक कळेल.

पण कारण एवढंच असतं तर दचकणं एवढं खोल लागलं नसतं. फिलिप होल्झमन आणि क्लाइड राउझी या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली या अस्वस्थतेवर लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की रेकॉर्डिंगमध्ये नुसता सूर बदललेला नसतो. बोलताना आपल्या लक्षात न आलेल्या गोष्टीही तिथं उघड्या पडतात. चाचरणं, लाडीगोडी, धाक, दडवलेली भीती. शब्द आपण निवडून बोललेले असतात, आवाज मात्र न विचारता बोलून गेलेला असतो. कोल्हापूर सोडून पुण्या-मुंबईत गेलेल्या किती तरी पोरांना असं रेकॉर्डिंग ऐकताना पहिल्यांदा स्वतःचा हेल ऐकू येतो आणि ती ओशाळतात. त्या पोरांना मला मनापासून सांगायचं आहे की हेल हा आवाजातला दोष नाही. अस्पष्ट बोलणं हा दोष आहे, घाईत शब्द गिळणं हा दोष आहे. हेल म्हणजे आपण कुठल्या अंगणात वाढलो त्याची खूण. तो घासून काढायला गेलं की आवाज गुळगुळीत होतो आणि कुणाचाच राहत नाही.

हा दचका जातो तो ऐकून-ऐकूनच. रेडिओवरचे निवेदक स्वतःचा आवाज ऐकून बिचकत नाहीत, याला कारण त्यांचा आवाज देवदत्त असतो हे नव्हे. त्यांनी तो इतक्या वेळा बाहेरून ऐकलेला असतो की दोन आवाजांतलं अंतर त्यांच्यापुरतं मिटलेलं असतं. रोज दोन मिनिटं वर्तमानपत्रातला मजकूर मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करावा आणि दुसऱ्या दिवशी ऐकावा. पहिले काही दिवस नुसतं ऐकायचं, सुधारायचं काहीच नाही. ओळख होण्याआधी दुरुस्ती करायला गेलेला माणूस हटकून दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजाची नक्कल करू लागतो.

दुसऱ्याचा आवाज तर सोडाच, स्वतःच्याच हरवलेल्या आवाजाची नक्कल न करता माणूस काय उभं करू शकतो, हे कोल्हापूरनं पंचवीसेक वर्षं समोर बसून ऐकलं आहे.

तो माणूस म्हणजे गवई अल्लादियाखाँ. ते १८५५ साली राजस्थानातल्या उनियारा इथं जन्मले. वडील ख्वाजा अहमदखाँ लवकर गेले. चुलते जहाँगीरखाँ यांच्याकडे तालीम झाली, आधी धृपद-धमार, मग ख्याल. तरुण वयात संस्थानांतून गात हिंडताना अमलेटा नावाच्या छोट्या संस्थानात त्यांचा मुक्काम पडला. तिथले अधिपती गाण्याचे भलतेच वेडे. ते दिवसामागून दिवस गायला लावत, खाँसाहेब गात राहिले आणि गळ्यानं दगा दिला. आवाज गेला. सुमारे दोन वर्षं हा गवई गाण्यावाचून होता. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गाण्याशिवाय दुसरा धंदा नाही, त्या माणसाच्या या दोन वर्षांकडे आपण चरित्रातली एक ओळ म्हणून बघतो आणि पुढं सरकतो. त्या काळात पहाटे उठून त्यांनी षड्‌ज लावून बघितला असेल आणि तो लागला नसेल, असं किती वेळा झालं असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आवाज परत आला, पण तोच आला नाही. जुन्या आवाजाला शोभणारं गाणं नव्या आवाजाच्या अंगाला बसेना. इथं बहुतेक जण जुना आवाज खेचून आणायच्या मागं लागतात. खाँसाहेबांनी गाणंच बदललं. हाताशी उरलेल्या गळ्याला काय जमतं ते पाहून त्यांनी त्यावर गायकी बांधली. मोकळा आकार, गमकेचं वजन, एका श्वासात आवर्तन व्यापणारा दमसास, लयीच्या पोटातल्या अंशांना धरून विणलेली स्वरवाक्यं, आणि कुठून वळेल याचा अंदाज लागू न देणारी पेचदार तान. या तानेत मुबारक अलीखाँ यांच्या गाण्याचा संस्कार होता असं जाणकार सांगतात. आवाजाच्या गोडव्यावर श्रोत्याला जिंकता येत नसेल तर रचनेच्या बुद्धीवर जिंकायचं. आज आपण ज्याला जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो त्याचा पाया हा असा घातला गेला.

१८९५ च्या सुमारास ते कोल्हापुरात आले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी गवई म्हणून ठेवलं आणि १९२२ साली महाराज गेले तोवर त्यांचं बिऱ्हाड याच गावात राहिलं. म्हणजे कोल्हापूरनं ऐकलं ते सारं दुसऱ्या आवाजाचं गाणं. करवीरच्या मातीतल्या गोविंदराव टेंब्यांनी त्यांचं चरित्र लिहिलं. धाकटे चिरंजीव भुर्जीखाँ अंबाबाईच्या देवळात गायनसेवा करत राहिले. पण खाँसाहेबांनी ध्वनिमुद्रिका दिली नाही. १९४६ साली ते मुंबईत वारले आणि तो आवाज त्यांच्याबरोबर गेला.

मग त्यांचं गाणं कुठं ऐकायचं? शिष्यांत. आणि शिष्यांचे आवाज बघा. केसरबाई केरकरांचा आवाज रुंद, घुमारेदार, नुसत्या षड्‌जानं सभागृह भरणारा. १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर अवकाशात पाठवलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्या गेल्या. मोगूबाई कुर्डीकरांचा आवाज त्या मानानं बारीक, पण लयीवर सुईच्या टोकाएवढा नेमका पडणारा. सांगलीत त्या कोवळ्या वयात रियाज करत असताना तिथं औषधोपचारासाठी आलेल्या खाँसाहेबांच्या कानांवर तो पडला आणि त्यांनी आपणहून शिकवायला घेतलं. मल्लिकार्जुन मन्सूरांना खाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांची तालीम मिळाली. त्यांचा आवाज धारदार, सतत पुढं धावणारा. भास्करबुवा बखले आणखी वेगळे. एक गायकी, आणि कुणाचा गळा कुणासारखा नाही. ज्या गुरूनं स्वतः एका आवाजातून दुसऱ्यात स्थलांतर केलं होतं त्याला शिष्यांचे गळे आपल्यासारखे करायची गरज वाटली नसावी, असं मी मानतो.

हीच कहाणी पुढच्या पिढीतही आली. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांचा आवाज ऐन विशीत गेला, आयुर्वेदाच्या उपचारांनी तो परत मिळाला आणि नंतर त्यांनी गायलेलं गाणं आईच्या गाण्याहून पुष्कळ निराळं झालं. घराण्याबाहेर कुमार गंधर्व. क्षयानं एक फुप्फुस निकामी केलं, देवासला काही वर्षं गाणं बंद, आणि उठले ते छोट्या-छोट्या स्वरसमूहांचं, मध्येच श्वास घेत पुन्हा झेप घेणारं गाणं घेऊन.

गळ्यात नेमकं असतं काय? स्वरयंत्रात दोन पडदे. पुरुषात दीड-दोन सेंटिमीटर लांबीचे, बाईत त्याहून आखूड. फुप्फुसातली हवा वर येते तसे ते उघडतात-मिटतात. साध्या बोलण्यात पुरुषाचे सेकंदाला १२५ च्या आसपास, बाईचे २०० च्या आसपास. २०० धरले आणि तासभर सलग सूर लागला तर हे पडदे ७,२०,००० वेळा एकमेकांवर आपटतात. हाताचे तळवे इतक्या वेळा आपटून बघण्याची कल्पना करा. जोर लावून आपटले की ते सुजतात, सुजले की जड होतात, जड झालेल्यांना हलवायला आणखी जोर लागतो आणि चक्र सुरू होतं. पुढं तिथं गाठीही धरतात. शिक्षक, लिलाव पुकारणारे, वाहक, कीर्तनकार यांचा घसा शनिवारपर्यंत बसतो तो यामुळं.

पडद्यांतून निघणारा मूळ नाद अगदी साधा, भोंग्यासारखा असतो. त्याचा 'तुमचा आवाज' होतो तो वरच्या पोकळीत. घसा, तोंड, जीभ, नाक यांत. म्हणूनच पडद्यांची मूळ लांबी आपल्याला ठरवता येत नसली तरी आवाज बदलतो. मराठीनं यासाठी क्रियापदं फार विचारपूर्वक वापरली आहेत. गवई आवाज 'लावतो', जसा दिवा लावावा, जसं रोप लावावं. भांडणारा आवाज 'चढवतो'. आवाज 'काढतो' तो नकला करणारा. आणि मिसरूड फुटायच्या वयात मुलाचा आवाज 'फुटतो'. त्या वयात पडदे झपाट्यानं लांबतात, जुन्या सवयीनं लावलेला सूर भलतीकडे जाऊन पडतो. पोराला त्यावरून चिडवू नये. त्या चार-सहा महिन्यांत जो बोलायचा थांबतो तो पुढं कित्येक वर्षं तोंडातल्या तोंडात बोलत राहतो.

बालनटांवर हे संकट नेहमीच येई. कोल्हापूरचे केशवराव भोसले लहानपणी 'शारदा' नाटकात शारदेची भूमिका करून गाजले आणि आवाज फुटण्याचा घाट ओलांडून पुन्हा रंगभूमीवर उभे राहिले; १९०८ साली त्यांनी 'ललितकलादर्श' ही नाटक मंडळी काढली आणि १९२१ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, गेले. त्यांचा वर चढणारा, पल्ल्याचा आवाज ध्वनिवर्धकाविना शेवटच्या रांगेपर्यंत जाई. १९१५ साली उघडलेल्या इथल्या पॅलेस थिएटरला पुढं त्यांचं नाव मिळालं. त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, ते नाट्यगृह आगीत जळालं. त्या रात्री नटच नव्हे तर गावातली साधी माणसंही रडली. कुठल्या तरी स्नेहसंमेलनात, एकांकिका स्पर्धेत आपला आवाज पहिल्यांदा मोठा झालेला अनेकांनी तिथंच ऐकला होता.

दूर जाणारा आवाज आणि मोठा आवाज या दोन गोष्टी आहेत. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. घसा सैल, जबडा मोकळा आणि ओठ जागे असले की आवाजातली शक्ती या पट्ट्यात गोळा होते आणि तो कमी श्रमात लांब जातो. घशाला ताण देऊन ओरडलं की उलटा कारभार.

आपल्या बोलण्याचा मूळ सूर शोधायला पेटी लागत नाही. फोनवर पलीकडचा माणूस काही लांबलचक सांगत असतो आणि आपण मधूनमधून 'हं… हं' करत असतो. ते 'हं' विचार न करता येतं, म्हणून खरं असतं. तोंड मिटून तसं पाच-सात वेळा करा, ओठांवर आणि नाकाच्या मुळाशी गुदगुल्या होतील. त्याच सुरावर लगेच एक वाक्य बोला. पुष्कळांना आढळतं की एरवी ते यापेक्षा बरंच वर किंवा बळेच खाली बोलतात. वरिष्ठांसमोर बायकांचा सूर वर जातो, रुबाबासाठी पुरुषांचा खाली. दोन्हींत घसा थकतो.

गवयांचा पहाटेचा खर्ज याच जातीचा. मंद्र सप्तकात खाली-खाली जात एकेक स्वर सावकाश धरून ठेवायचा. झोपेतून उठल्यावर पडदे किंचित फुगलेले असतात, सूर आपसूक खाली लागतो. जोर न लावता पडदे सैल ठेवून दम कसा पुरवावा, हे तिथं कळतं. हा खर्ज दहा मिनिटं हळू आवाजात केला तरी बोलणाऱ्यांनाही उपयोगी पडतो. अरुंद नळीतून पाण्यात बुडबुडे काढत सूर धरणं हा आजच्या आवाजतज्ज्ञांचा आवडता व्यायामही तेच साधतो. तोंडाशी तयार झालेला हलका दाब पडद्यांना अलगद मिटायला मदत करतो.

एक गोष्ट खास आपल्या भाषेची. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, 'नाही'सुद्धा शेवटी येतं. सगळ्या वाक्याचा अर्थ ज्या शब्दावर टेकलेला असतो तो नेमका दम संपल्यावर येतो. 'मी उद्या तुमच्याकडे पैसे घेऊन येणार' इथपर्यंत खणखणीत आणि 'नाही' पोटात. रेकॉर्डिंग ऐकताना मी लोकांना फक्त वाक्यांची शेपटं ऐकायला सांगतो. 'आहे'चा 'ए' झालेला असतो, 'होतं' हवेत विरलेलं असतं. वाक्याच्या मध्ये, जिथं स्वल्पविराम पडतो तिथं, चिमूटभर श्वास घेतला की शेवटचा शब्द उभा राहतो. माझ्या अनुभवात आवाज 'सुधारला' असं ऐकणाऱ्यांना वाटतं ते बहुतेक वेळा एवढ्यानंच.

घशाच्या औषधांबद्दल थोडक्यात. ज्येष्ठमध, खडीसाखर, गरम पाणी यांनी घशाला बरं वाटतं, पण गिळलेलं काहीही स्वरपडद्यांवरून जात नाही, ते अन्ननलिकेत जातं. पडदे ओले राहतात ते दिवसभर पुरेसं पाणी पिण्यानं आणि वाफेनं. घसा बसला असताना कुजबुजणं ही विश्रांती नव्हे. गप्प बसणं ही विश्रांती. सारखं खाकरणं म्हणजे पडदे एकमेकांवर आदळणं, त्यापेक्षा घोटभर पाणी गिळावं. आणि आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं, तंबाखू-सिगारेट असेल तर नक्कीच.

हे सगळं मी ज्या एका माणसात पाहिलं ती माझी आत्या. गगनबावड्याच्या बाजूला एका पत्र्याच्या शाळेत ती शिकवायची. तिथला पाऊस ज्यानं ऐकलाय त्याला कळेल. जुलैत पत्र्यावर तो कोसळू लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. गलक्यात माणसाचा आवाज त्याच्या नकळत चढतो. एतिएन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे दाखवून दिलं. आत्याला लोम्बार ठाऊक नव्हता, पण दर पावसाळ्यात तिचा घसा फाटायचा आणि दिवाळीपर्यंत ती घोगरं बोलायची. चारचौघांत बोलायला नको म्हणायची, 'माझा आवाज म्हणजे फुटकं मडकं.' एका वर्षी तिचा आवाज पार बंद झाला आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस मौन सांगितलं. त्या पंधरा दिवसांत ती फळ्यावर लिहून, टाळ्या वाजवून शिकवत होती, आणि पोरं कधी नव्हे इतकी गप्प बसून तिच्याकडे बघत होती.

आवाज परतला तो थोडा जाड, खालच्या सुराचा. तिनं तो तसाच ठेवला. त्यानंतरच्या एका जुलैत मी तिच्या वर्गाच्या दारात उभा होतो. कविता चालली होती. पावसाची सर आली, पत्रा कडाडला, आणि आत्या वाक्याच्या मध्येच थांबली. पुस्तक छातीशी धरून पत्र्याकडे बघत उभी राहिली. पोरंही वर बघू लागली. मी विचारलं, "आत्या, थांबलीस का?"

"पावसावर कशाला वरडायचं," ती म्हणाली, "तो दमतोय की आता."

सर ओसरली. आत्यानं 'हं' केलं आणि त्याच सुरावर राहिलेला अर्धा शब्द उचलला. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या पोरानं मान डोलावली.